मदत हवी आहे: 'क्लंक', 'थड', 'मेह' म्हणजे नेमकं काय?

नमस्कार मंडळी. मी म्हापशाची, कळंगुटला एका हॉटेलात रिसेप्शनवर असते. इंग्रजी बरं आहे, पण पाहुण्यांचे हे आवाजी शब्द अडवतात. काल एक आजी म्हणाल्या, पंखा 'क्लंक' करतोय. मी इलेक्ट्रिशियनला सांगितलं, किरकिरतोय. त्याने तेल सोडलं, आवाज तसाच! शेवटी आजींनी किल्ली टेबलावर आपटून दाखवली तेव्हा कळलं, अहो, हे तर खटखट! पात्याचा स्क्रू ढिला होता.

'पिंग मी' म्हणजे मेसेज कर, 'का-चिंग' म्हणजे गल्ल्याचा आवाज, म्हणून पैसे आले, एवढं जमलंय. 'व्हूश' म्हणजे सुसाट जाणं, पण विनोद डोक्यावरून गेला तरी तेच म्हणतात!

आता अडलंय ते हे. 'थड' आणि 'थंप' यांत फरक काय? माडावरून नारळ धपकन पडला तर कोणता वापरायचा? आणि डुबुकला 'प्लॉप' चालेल ना?

शिवाय, खोली कशी वाटली विचारल्यावर एकाने नुसतं 'मेह' म्हटलं. वाईट समजायचं की ठीकठाक? साहेबांना फीडबॅकमध्ये काय लिहू?