नाद पोकळीत असतो
जुन्या पैंजणांसारखा आवाज नव्यांना का येत नाही, असं बरेच जण विचारतात. माझ्या मते वजनापेक्षा घुंगरू बघा. हातघडणीत पातळ पत्र्याच्या दोन वाट्या ठोकून, आत खडा ठेवून, डाख (सांधा जोडणारा वितळवलेला धातू) देऊन जोडतात. पत्रा जाड झाला किंवा घुंगराची चीर अरुंद राहिली की नाद दबतो. होळीआधी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या भोंगऱ्या बाजारात (आदिवासींचा होळीआधीचा बाजार) पावरा आदिवासी बायांच्या अंगावरची चांदी ऐका. चालताना वेगळी, नाचताना पार वेगळी वाजते! पैंजणाच्या कड्या मात्र ९२.५ टक्के चांदीच्या घ्या. शुद्ध चांदी मऊ, सांधे घासून लवकर झिजतात. माझ्या आजीच्या तोरडीची (पायातल्या दागिन्याची) कडी अशीच तुटली, घुंगरू कपाशीत पडलं. दोन दिवस ती सरी न् सरी धुंडाळत होती.