फ्रँक ओ'कॉनरने स्वतःचीच कथा बिघडवली का?

रातकिडा

आयरिश कथाकार फ्रँक ओ'कॉनरची 'गेस्ट्स ऑफ द नेशन' ही कथा मी काही वर्षांच्या अंतराने दोनदा वाचली आणि दुसऱ्या वेळी ती वेगळीच लागली. आधी वाटलं, आपलंच डोकं चालेनासं झालंय. मग दोन्ही पुस्तकं शेजारीशेजारी ठेवून बसलो. कथा खरंच दोन आहेत. एक १९३१ ची, दुसरी १९५४ च्या संग्रहातली, लेखकाने स्वतः पुन्हा लिहिलेली. माझं म्हणणं असं की दुसरी लिहायलाच नको होती.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. आयर्लंडचं स्वातंत्र्ययुद्ध चालू आहे. आडरानात एका म्हातारीच्या घरी दोन इंग्रज सैनिक कैदेत आहेत, बेल्चर आणि हॉकिन्स. राखणीला नोबल आणि बोनापार्ट ही आयरिश पोरं. रोज रात्री चौघं पत्ते कुटतात. थोराड, अबोल बेल्चर म्हातारीला लाकडं फोडून देतो, बुटका हॉकिन्स देव आहे की नाही यावर नोबलशी तावातावाने भांडतो. कोण कैदी आणि कोण पहारेकरी हे कुणाच्या लक्षात राहत नाही. मग वरून हुकूम येतो: इंग्रजांनी आपली माणसं मारली, बदल्यात हे दोघं. दलदलीत नेऊन गोळ्या घालायच्या. (शेवट फोडतोय. कथा नव्वद वर्षांची आहे, रुसू नका.)

आता मुद्दा. हॉकिन्स लंडनच्या गल्लीतली बोली बोलतो, 'ह' गिळतो. १९३१ च्या कथेत बोनापार्ट निवेदन करतानाही त्याला 'ऑकिन्स' म्हणतो. म्हणजे ज्याला मारलं त्याचं नाव त्याच्याच उच्चारात या पोराच्या जिभेवर राहून गेलंय. पुढे सुधारताना ओ'कॉनरने ही बोली छाटली आणि नाव झालं सरळ 'हॉकिन्स'. पन्नाशीच्या लेखकाने सत्ताविशीतल्या पोराची वही तपासून लाल शाईने दुरुस्त केल्यासारखं वाटतं.

मुळशीकाका

रातकिड्या, अरे तो माणूस जन्मभर हेच करत होता! १९५७ च्या मुलाखतीत त्याला विचारलं, पुनर्लेखन करता का? तर म्हणाला, अखंड करतो. कथा मासिकात छापून आल्यावर करतो, पुस्तकात आल्यावर पुन्हा करतो. 'फर्स्ट कन्फेशन' ही पोराच्या पहिल्या पापकबुलीची कथा घे. १९३५ मध्ये ती 'रिपेंटन्स' नावाने आली, तेव्हा तृतीयपुरुषी होती. १९५१ च्या संग्रहात येईपर्यंत तो पोरगाच स्वतः बोलायला लागला, आणि तेव्हा कुठे ती हसवायला लागली. तीही नको होती म्हणशील?

त्याला कथेत बोलणाऱ्या माणसाचा आवाज ऐकू यायला हवा असायचा. कीर्तनकार तेच आख्यान दर वर्षी लावतो, पण कधी शब्दाला शब्द तेच सांगतो का? समोर कोण बसलंय ते बघून सांगतो.

आणि त्या 'ऑकिन्स'चं म्हणशील तर मला तो पहिल्यापासून खटकतो. आपल्या जुन्या नाटकांतला रामागडी आठव. तोंड उघडलं की बोली, बोली आली की हशा. दलदलीत खड्ड्याच्या काठावर उभ्या माणसाला असं बोलायला लावलं तर वाचकाचं अर्धं लक्ष त्या गमतीदार उच्चारांकडेच जातं. म्हाताऱ्या ओ'कॉनरला हे कळलं एवढंच.

खडूस

दोघंही मूळ कारण सोडून बोलताय. अमेरिकन मासिकं! 'न्यूयॉर्कर'मध्ये १९४५ पासून तो छापून यायला लागला आणि गुळगुळीत झाला. इस्त्री केलेला आयर्लंड. १९३१ मधला आडदांडपणा तिकडच्या वाचकाला झेपला नसता, म्हणून काढला.

रातकिडा

खडूस, मी तुमच्या बाजूचा, तरी हे मान्य नाही. ही कथा पहिल्यांदा छापली कुठे? 'अटलांटिक मंथली'त, जानेवारी १९३१. तेही अमेरिकनच. ऑकिन्स त्यांना झेपला होता.

उलट घरी काय चाललं होतं ते बघा. 'मिडनाइट कोर्ट' या जुन्या आयरिश काव्याचं त्याचं भाषांतर १९४५ मध्ये आलं, त्यावर आयर्लंडमध्ये बंदी. 'द कॉमन कॉर्ड' १९४७, बंदी. तुमचे लोक तुमची पुस्तकं दुकानात ठेवू देत नाहीत, तर माणूस परक्या मासिकात लिहून पोट भरणार नाही तर काय.

काका, कीर्तनाचा मुद्दा चांगला आहे. पण कीर्तन हवेत विरतं, छापलेली कथा लोकांच्या कपाटात राहते. आणि दलदलीत कोण हसतं हो? ऑकिन्सला खरं वाटतच नाही. आपण दोस्त ना, म्हणतो. मला बंदूक द्या, मी तुमच्या बाजूने लढतो, म्हणतो. मी दोनदा वाचलं, दोनदा पुस्तक मिटून बाहेर जाऊन आलो.

हे ज्याने लिहिलं तो कोण होता? कॉर्कमधल्या मोलकरणीचा एकुलता मुलगा. बाप माजी सैनिक आणि दारुडा. खरं नाव मायकल ओ'डोनोव्हन. स्वातंत्र्ययुद्धानंतरच्या आयरिश यादवी युद्धात हरलेल्या बाजूला होता, गॉरमनस्टनच्या छावणीत कैद भोगून आला. ग्रंथपालाची नोकरी करता करता आईचं माहेरचं आडनाव घेऊन लिहायला लागला. आणि कथेत कैद्यांवर शांतपणे गोळी चालवणाऱ्याचं नाव काय ठेवलं? जेरेमाया डोनोव्हन. स्वतःचं आडनाव त्याने त्या माणसाला देऊन टाकलंय. ही त्या वयाची रग आहे, काका.

मुळशीकाका

डोनोव्हन दुसऱ्या आवृत्तीतही आहे. ते कुठे पुसलं त्याने?

पारिजात

मी या कथेचं मराठी करतेय म्हणून मध्ये पडते. तिसऱ्यांदा सगळं फाडून परत सुरुवात केलीय.

दोघे इंग्रज प्रत्येकाला 'चम', म्हणजे दोस्त, म्हणतात आणि सहवासाने आयरिश पोरंही म्हणायला लागतात. कथेची पहिलीच पानं त्यावर उभी आहेत. मी आधी 'गड्या' घातलं. वाचायला छान, पण 'गड्या' आपल्याकडे कोणीही कोणाला म्हणतं. तो शब्द या पोरांनी त्या दोघांकडून उचललाय, हे कळेचना. 'मित्रा' म्हणजे शाळेतला निबंध. शेवटी 'चम' तसाच ठेवला.

मग ऑकिन्स. 'ह' गिळणं मराठीत कसं आणू? त्याच्या तोंडी 'पानी', 'कोन' घातलं. बहिणीला वाचून दाखवलं तर ती खुदकन हसली, तेही बंदूक मागतो त्याच जागी. म्हणजे काका म्हणतात तो रामागडी माझ्याच घरात निघाला.

पण बेल्चरचं मरण मात्र सरळ उतरलं, काहीच करावं लागलं नाही. डोळ्यांवर बांधायला तो स्वतःचा रुमाल काढतो. तो पुरत नाही. बोनापार्टकडे रुमाल मागतो, दोन्हींची गाठ मारतो. बांधता बांधता लक्षात येतं की हॉकिन्सचा जीव अजून गेलेला नाही, तर म्हणतो, आधी त्याला आणखी एक घाला. आणि मग, इतके दिवस गप्प असलेला तो माणूस बायको मुलाला घेऊन दुसऱ्याबरोबर निघून गेल्याचं सांगतो. घर असल्यासारखं वाटलेलं मला आवडतं, म्हणतो. ओळखपाळख नसलेल्या म्हातारीच्या घरात तो लाकडं का फोडत होता ते इथे कळतं.

खडूस

हे कुठल्या आवृत्तीतलं?

पारिजात

रुमाल दोन्हींत आहे.

रातकिडा

पारिजातताई, तुम्ही नेमकी कुठली घेतलीत? १९३१ च ना?

पारिजात

निवेदन १९३१ चं. संवाद बरेचसे १९५४ चे. बहीण हसली तेव्हापासून.

रातकिडा

अहो, ही तर तिसरीच कथा झाली!

मुळशीकाका

ओ'कॉनर असता तर आत्तापर्यंत चौथी हातात दिली असती. पारिजात, झाली की पाठव ग. ऑकिन्सचा 'पानी' एका जागी तरी राहू दे, रातकिड्यासाठी.