हवेत एवढा नायट्रोजन असताना सोयाबीन पिवळं का पडतं?

काळं_रान (प्रश्न)
सोयाबीन सव्वा महिन्याचं झालंय. वरच्या अंगाला झकास आहे, खालच्या अंगाला पिवळं पडत चाललंय. दुकानदार म्हणतो, युरियाचं पोतं टाका, आठ दिवसांत फरक दिसेल. शाळेत शिकलो होतो की हवेत ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. मग डोक्यावर एवढा नायट्रोजन असताना विकतचा कशाला? आणि आपल्याला श्वासाला तर ऑक्सिजनच लागतो. मग हा ७८ टक्के नुसता भरीला आहे का? जाणकारांनी सांगावं.

जीवशास्त्राच्या_बाई
आधी हिशोब बघा. तुमच्या एका एकरावर जी हवा उभी आहे, तिच्यात ढोबळमानाने ३० हजार टन नायट्रोजन आहे. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात जेमतेम २१ किलो. पण हवेतला नायट्रोजन झाडाला जसाच्या तसा घेता येत नाही. त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना धरून असतात. ऑक्सिजनचा बंध दुहेरी, आणि तो तोडायला नायट्रोजनच्या मानाने निम्मी-अधिक ऊर्जा पुरते. म्हणून ऑक्सिजन लोखंडाला गंजवतो, लाकूड जाळतो, आपल्या पेशींत अन्नातली ऊर्जा मोकळी करतो, आणि नायट्रोजन मात्र कुणाच्या वाटेला जात नाही.

वीज कडाडते तेव्हा थोडाफार नायट्रोजन फुटतो आणि पावसाबरोबर नायट्रेट होऊन जमिनीत येतो, पण पिकाची गरज तेवढ्यावर भागत नाही. कारखान्यात तो फोडायला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. हाबर आणि बॉश यांच्या या पद्धतीचा पहिला मोठा कारखाना १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला सुरू झाला. आपला युरिया त्याच वाटेने तयार झालेल्या अमोनियापासून बनतो.

आणि हेच काम तुमच्या सोयाबीनच्या मुळांवर बारीक गाठी करून राहणारे रायझोबियम जिवाणू साध्या जमिनीच्या उबेत करतात! वर्गात हे शिकवताना मला दरवर्षी नव्याने नवल वाटायचं, आजही वाटतं.

उद्या एक करा. हिरव्या भागातली दोन-तीन झाडं आणि पिवळ्या भागातली दोन-तीन झाडं खुरप्याने मातीसकट काढा. उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. बादलीत मुळं हलक्या हाताने धुवा आणि एकेक गाठ नखाने चिरून आतला रंग बघा. गुलाबी-लालसर असेल तर गाठ कामावर आहे. पांढरी, हिरवट किंवा करडी असेल तर नाही. मग बोलू.

तिसरी_पाळी
बाईंनी शेतीचं सांगितलं, मी 'भरीला आहे का' यावर बोलतो. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या प्लांटवर मी ऑपरेटर आहे. हवा थंड करून पातळ करायची. नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ ला. त्या १३ अंशांच्या फरकावर आमचा सगळा कॉलम (दोन्ही वायू वेगळे करणारा उंच मनोरा) चालतो.

आमच्याकडे ऑक्सिजन मीटर दोन्ही बाजूंनी बोंबलतो. १९.५ टक्क्यांच्या खाली गेला तरी आणि २३.५ च्या वर गेला तरी. अडीच टक्केच तर वाढला, असं नवीन पोरांना वाटतं. पण कपड्यांत ऑक्सिजन मुरला की साधी ठिणगी पुरते. म्हणून त्या लाइनवरून आलो की आधी मोकळ्या हवेत उभं राहायचं, आणि ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही म्हणजे नाही. १९६७ मध्ये अपोलो १ च्या यानात जमिनीवर चाचणी चालू असताना आत शुद्ध ऑक्सिजन होता. आग लागली आणि तिघे अंतराळवीर गेले. त्यानंतर उड्डाणाआधी केबिनमध्ये नायट्रोजन मिसळायला लागले. तुमच्या शिवारातलं वाळलेलं गवत, गंजी, गोठा हे सगळं आज सांभाळता येतंय ते हवेत नायट्रोजन भरपूर आहे म्हणून. त्याला भरीचा म्हणू नका.

नुसता नायट्रोजनही घातकच. त्याने भरलेल्या टाकीत माणूस उतरला तर दोन-चार श्वासांत कोसळतो, घुसमटसुद्धा जाणवत नाही. कारण शरीराला कळतो तो साचलेला कार्बन डायऑक्साइड.

काळं_रान
बाई, सकाळीच बघितलं. वरच्या अंगाच्या झाडांना भरपूर गाठी, चिरल्या तर आत लालसर, नखाला रंग लागला. खालच्या झाडांना मोजक्याच, बारीक आणि आत हिरवट. बीजप्रक्रिया (पेरणीआधी जिवाणू चोळणं) सगळ्या बियाण्याला सारखीच केली होती. खालच्या अंगाला मागच्या पावसाचं पाणी बरेच दिवस तुंबून होतं. त्याचा संबंध असेल का?

जीवशास्त्राच्या_बाई
असेल काय, तेच दिसतंय. पाण्याने मातीतली पोकळी भरली की हवा आत शिरत नाही. नायट्रोजन फोडायला जिवाणूंना प्रचंड ऊर्जा लागते, आणि ती मिळवायला ऑक्सिजन हवा. पण नायट्रोजन फोडणारं त्यांचं एन्झाइम ऑक्सिजन लागला की निकामी होतं. ते फार जुनं आहे, हवेत ऑक्सिजन साचण्याच्या आधीपासूनचं. ऑक्सिजन साचायला लागला तो साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी.

मग झाड काय करतं? गाठीत लेगहिमोग्लोबिन तयार करतं. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच ते भावंड. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंना लागेल तेवढाच, मोजून पोचवतं. तुमच्या नखाला लागला तो रंग त्याचाच. पाणी साचलं, ऑक्सिजन तुटला, की गाठ थकते आणि रंग जातो.

युरियाचं म्हणाल तर वरच्या अंगाला अजिबात टाकू नका. आयता नायट्रोजन मिळाला की झाड गाठी पोसायचं कमी करतं. खालच्या अंगालाही आत्ता चिखलात टाकलात तर बराचसा वाहून नाहीतर हवेत उडून जाईल. आधी उताराच्या बाजूने चर काढून पाणी बाहेर घाला. वाफसा आला की एक कोळपणी द्या, माती मोकळी होऊ दे. नंतर आठ-दहा दिवसांनी त्याच पट्ट्यातली झाडं पुन्हा खणून नव्या मुळांवर गाठी आल्यात का बघा. रंग आला नाही तर दोन टक्के युरियाची फवारणी हा पर्याय आहेच, पण तुमच्या कृषी सहायकाला झाडं दाखवून मगच. आणि तांबेरा किंवा मूळकूज असा रोग तर नाही ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

काळं_रान
चर आजच धरतो. गाठींचे फोटो काढलेत, रात्री टाकतो.