.३०-०६ साठी कोणती गोळी भरावी? १५०, १६५ की १८० ग्रेन?

धरमपेठकर
नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ ह्यूस्टनजवळ राहतो, स्वतःची काडतुसं स्वतःच घरी भरतो. डिसेंबरमध्ये मी त्याच्याकडे जाऊन राहिलो आणि रानडुकरांच्या शिकारीला सोबत नेतो म्हणाला. रायफल .३०-०६ काडतुसाची आहे, नळीचा ट्विस्ट (आतला पीळ) दहा इंचाला एक. आमच्या आजोबांकडे पण हेच कॅलिबर होतं म्हणून दोघांचाही यावर लय जीव. आता तो १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप, पंधरा ग्रेनचा साधारण एक ग्रॅम) साधी शिशाची, वरून धातूचं पातळ कवच म्हणजे जॅकेटवाली गोळी भरतो, हरणाला एकदम मस्त पण मोठ्या नराच्या खांद्यावर बसली की वरच्यावर फुटते, आत पोचत नाही म्हणतो. तू इतकं वाचतो तर तूच सांग म्हणाला, म्हणून विचारून राहिलो. १६५ घ्यावी की १८०, की सरळ तांब्याची? आणि इथं नागपुरात असं घरी भरता येते का?

बर्डीचे काका
शेवटचा प्रश्न आधी घेतो. इथं ते डोक्यातून काढून टाक बेटा. शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ बघ, दारूगोळा बनवायला वेगळं लायसन्स लागते, बंदूक बाळगायच्या लायसन्सवर ते होत नाही. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदच झाली, शेतात डुकरानं कितीही नासधूस केली तरी वन खात्याच्या परवानगीशिवाय बार काढायचा नाही.

आमच्या घरी .३१५ होती, इशापूरची. इंग्रजांच्या काळात फौजेची .३०३ साध्या माणसाला मिळत नव्हती म्हणून हे कॅलिबर इकडे एवढं पसरलं. काडतूस खडकीच्या कारखान्याचं, गोळी २४४ ग्रेनची सॉफ्ट नोज (टोकाला उघडं शिसं), आणि निवडायला दुसरं काहीच नाही. त्यामुळे तुझ्या भावासारखं समोर दहा प्रकारचे डबे ठेवून विचार करायला मिळणं हे मला फार भाग्याचं वाटते. पण जड गोळी खोल जाते एवढं मात्र आम्हालाही तेव्हापासून माहीत आहे.

डॅलसचा नागपूरकर
धरमपेठकर भाऊ, मी इकडेच आहे आणि .३०-०६ साठी भरतो पण, म्हणून जरा लांबण लावतो.

वजनाच्या आधी गोळीची बनावट बघा. सगळे १५० की १८० यावर भांडत बसतात पण तुमच्या भावाची तक्रार वजनाची नाहीच, गोळी फुटण्याची आहे. कारखान्याच्या काडतुसात १५० ग्रेन साधारण २९०० फूट प्रति सेकंदानं निघते आणि १८० वाली २७०० नं. म्हणजे हलकी साधी गोळी जवळून सगळ्यात जास्त वेगात आदळते आणि नेमकी तिथंच विस्कटते. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड चिवट ढाल असते, त्याखाली हाड. तिथं शिसं जॅकेटला घट्ट धरून राहील अशी बाँडेड गोळी पाहिजे, नाहीतर नॉस्लरची पार्टिशन. ती गोळी निघालीच याच त्रासातून, १९४६ मध्ये कॅनडात जॉन नॉस्लरच्या गोळ्या चिखलानं माखलेल्या मूसच्या (हरणाच्या मोठ्या जातीच्या) अंगात खोल गेल्याच नाहीत, मग त्यानं मधे पडदा असलेली गोळी बनवली. पुढचा भाग पसरतो, पडद्यामागचा अर्धा तसाच टिकतो आणि आत शिरत जातो.

माझं मत विचाराल तर बाँडेड १६५ किंवा १८० ची पार्टिशन. दहाचा ट्विस्ट दोन्हीला आरामात पुरते, या कॅलिबरच्या आधीच्या १९०३ च्या काडतुसात तर २२० ग्रेनची गोळी होती. तांब्याची पण उत्तम आहे, मला मनापासून आवडते, खाण्याच्या मांसात शिशाचे कण राहत नाहीत. पण तांबं शिशापेक्षा हलकं, तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि केसमध्ये (काडतुसाच्या नळीत) पावडरची म्हणजे बारुदाची जागा खाते, म्हणून तांब्यात १५० नाहीतर १६५ च्या वर जाऊ नका. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही, टेक्सासमध्ये डुकरासाठी तशी सक्ती नाही.

आता भरण्याचं. गोळी बदलली की जुना लोड (किती पावडर भरायची ते माप) विसरायचा. वजन तेच असलं तरी तांब्याच्या गोळीचा डेटा वेगळा, शिशाचा वेगळा, त्याच गोळीचं मॅन्युअल (लोडच्या आकड्यांचं पुस्तक) उघडून सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरू करायचं आणि थोडं थोडं वर जायचं. बोल्टचा दांडा जड उचलायला लागला, प्रायमर (काडतुसाच्या बुडाची ठिणगीची टोपी) चपटा दिसला की दाब जास्त झाला समजून तिथंच थांबायचं, मग मॅन्युअलमध्ये वर अजून जागा असो की नसो. पावडर ४३५० जातीची (हळू जळणारी) १६५-१८० ला छान जमते, फक्त ४३५० लिहिलेल्या सगळ्या पावडरी सारख्या नसतात, कंपनी बघूनच डेटा घ्या. आणि १०० यार्डावर जो लोड भावाच्या नळीला आवडेल तो ठेवा, पन्नास फूट वेग कमी मिळाला तरी डुकराला काही फरक पडत नाही.

धरमपेठकर
वा भाऊ, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. १६५ बाँडेड त्याला आजच कळवतो. वेग कमी झाला तर चालते हे वाचून बरं वाटलं, तो वेगाच्याच मागे लागून राहिला आहे.

मानकापूर रेंज
एक गोष्ट राहिली. रायफल हातानं दांडा ओढून भरायची, म्हणजे बोल्ट अ‍ॅक्शनच आहे ना हे एकदा विचारून घ्या. एम-१ गॅरँड (गॅसच्या दाबानं आपोआप भरणारी जुनी फौजी रायफल) असेल तर हळू जळणारी पावडर आणि जड गोळी अजिबात नको, गॅसचा दाब वाढून ऑपरेटिंग रॉड (बोल्ट मागे ढकलणारी दांडी) वाकते. गॅरँडसाठी मॅन्युअलमध्ये वेगळा तक्ता असतो.

धरमपेठकर
बोल्टवालीच आहे, मी फोटो पाहिला.

डॅलसचा नागपूरकर
आणि हो, व्हिजिटर व्हिसावर येऊन राहिले ना तुम्ही? मग लायसन्सचं नीट ऐका. टेक्सासमध्ये खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असली तर रानडुकरासाठी २०१९ पासून शिकारीचं लायसन्स लागत नाही, भाऊ म्हणेल कशाला खर्च करतो. तरी तुम्ही काढाच. तिथल्या केंद्राच्या कायद्यात व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक हातात घ्यायची मुळात बंदी आहे, ज्यांना सूट मिळते त्यात शिकारीचं लायसन्स असलेले येतात. आधी ते खिशात घाला, मगच रायफलला हात लावा, रेंजवर लोड तपासायला गेले तरीसुद्धा.

आणि खांद्याच्या मागे नका मारू, डुकराचं काळीज पुढं आणि खाली असते. पुढच्या पायाच्या रेषेत, खालच्या एक तृतीयांशात धरा.