अनुभव धागा: तुमच्या पीए बॉक्सला (कार्यक्रमाच्या स्पीकरला) किती वॅटचा अ‍ॅम्प लावता, आणि का?

साउंडचेक (धागाकर्ता)

"एवढ्या वॅटच्या बॉक्सला किती वॅटचा अ‍ॅम्प घेऊ" असं कुणी विचारलं की दोन उत्तरं हमखास येतात. एक म्हणतो डबल घे, बिनधास्त. दुसरा म्हणतो कमीच घे, बॉक्स सेफ राहतो. दोघंही मनापासून सांगतात आणि दोघांच्याही बघण्यात जळालेल्या कॉइल (स्पीकरच्या आतली तांब्याची वेटोळी) असतात. म्हणून म्हटलं नुसते नियम नकोत, तुमचा सेटअप लिहा. बॉक्स किती ओहमचा, अ‍ॅम्प त्या ओहमला किती देतो, वाजतं काय आणि मिक्सरवर कोण असतं. हे शेवटचं विसरू नका, माझ्या मते सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो.

माझ्यापासून सुरू करतो. १५ इंची टॉप (मुख्य स्पीकर), ८ ओहम, मागच्या पट्टीवर ४०० वॅट कंटिन्युअस (सतत झेपणारे), ८०० प्रोग्रॅम, १६०० पीक (क्षणिक). यातला मोजलेला आकडा फक्त पहिला. पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सींचा सरसरता आवाज) तासन्‌तास वाजवून तो काढतात, त्या नॉइजचे पीक सरासरीच्या ६ डीबी (डेसिबल) वर ठेवलेले असतात म्हणजे चौपट, तिथून १६०० आला, आणि प्रोग्रॅम म्हणजे पहिल्याची सरळ दुप्पट. टेस्ट किती वेळ चालली तेही बघत जा, मानकं ठरवणाऱ्या संस्थांपैकी एईएसच्या पद्धतीत २ तास आणि आयईसीच्या पद्धतीत १०० तास, त्यामुळे एकाच ड्रायव्हरवर दोन वेगळे आकडे दिसू शकतात.

मी याला ८ ओहमला ८०० देणारा अ‍ॅम्प लावतो. आता हिशोब बघा. ८०० हा साइन वेव्हचा (एकाच सुराच्या सलग लहरीचा) आकडा, क्षणिक पीक १६०० पर्यंत जातो. लाइव्ह बँडचे पीक सरासरीच्या १२ डीबी तरी वर असतात, म्हणजे क्लिप लाइट (सिग्नल मर्यादेवर गेला की पेटणारा दिवा) नुसती चमकून जात असेल तेव्हा कॉइलमध्ये सरासरी १०० वॅटच जात असतात, आणि कॉइल ४०० ची आहे, आरामात. तोच अ‍ॅम्प, तोच बॉक्स, पण गाणी दाबून दाबून मास्टर केलेली असतील, पीक आणि सरासरीत ६ डीबीच उरले असतील, तर सरासरी ४०० होते, म्हणजे काठावर. आणि कुणी क्लिप लाइट सतत पेटलेली ठेवून फरक ३ डीबीवर आणला तर ८०० जातात आणि मग कॉइल टिकत नाही. अ‍ॅम्प बदलला नाही, बॉक्स बदलला नाही, फक्त सिग्नल बदलला. मी स्वतः मिक्सरवर असतो आणि बँडच वाजवतो म्हणून डबल लावतो, दुसऱ्याच्या हातात देताना हा सेट देत नाही.

कॉइलवाला

मी रिकोनिंग (स्पीकरचा कोन आणि कॉइल बदलणं) करतो, त्यामुळे मला फक्त मेलेले स्पीकर भेटतात. ड्रायव्हर उघडला की पहिल्या मिनिटात कळतं कशाने गेलाय. गरमीने गेलेली कॉइल सगळीकडून सारखी काळपट, फॉर्मरवर (कॉइल गुंडाळलेल्या नळीवर) फोड आलेले, चिकटवलेलं वाइंडिंग सुटून सरकलेलं, आणि वास असा की खोलीतून लवकर जात नाही. दुसरी केस म्हणजे कॉइलचं तांबं नवं असल्यासारखं चकाकतंय पण फॉर्मरची खालची कड आत दुमडलेली, मॅग्नेटच्या मागच्या प्लेटवर आपटून आपटून, किंवा स्पायडर (कोन मध्यावर धरणारी चकती) सुटलाय, किंवा कोनला जाणारी लीड तुटलीय. ही दुसरी केस वॅटने मरत नाही, धक्क्याने मरते. पोर्टवाल्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) बॉक्समध्ये पोर्टच्या ट्यूनिंगच्या खालची फ्रिक्वेन्सी गेली की कोनला हवेचा आधारच राहत नाही, मग निम्म्या पॉवरलाही तो मोकाट धावतो. ४५ हर्ट्‌झला ट्यून केलेला बॉक्स असेल तर ४० च्या आसपास हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) लावा, एवढं केलं असतं तर माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेच आले नसते.

आता तो "छोटा अ‍ॅम्प स्पीकर मारतो" विषय. क्लिपिंगमध्ये (मर्यादेपलीकडे दाबून वेव्ह कापली गेली की) डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) जातं म्हणून कॉइल जळते असं सगळीकडे सांगतात, ते चूक आहे. वेव्ह वरून चपटी होते खरी, पण ती तितकीच खालीही जाते, डीसी होत नाही. १०० वॅटचा अ‍ॅम्प पूर्ण चौकोनी होईपर्यंत दाबला तरी साधारण २०० देईल, ४०० च्या वूफरला (खालच्या आवाजाच्या मोठ्या स्पीकरला) त्याने काही होत नाही. मरतो तो वरचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर (वरच्या आवाजाचा छोटा स्पीकर). आतल्या क्रॉसओव्हरमागे (खालचा-वरचा आवाज वेगळा करणाऱ्या सर्किटमागे) तो बऱ्याचदा पन्नास-साठ वॅटचाच असतो, एरवी त्याच्या वाट्याला थोडंच येतं म्हणून चालून जातं. पण बास क्लिप होत असताना माणूस आवाज वाढवतच राहतो, बास तर अजून वाढू शकत नाही, वरच्या फ्रिक्वेन्सी मात्र वाढत राहतात, वर क्लिपिंगचे हार्मोनिक्सही (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) तिकडेच जातात. एकूण वॅट तेवढेच दिसतात पण त्यातला ड्रायव्हरचा वाटा कितीतरी पट होतो.

अजून एक. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला जवळपास ०.३९ टक्के वाढतो. थंड कॉइल मीटरवर ६ ओहम दाखवत असेल तर २०० डिग्रीने तापल्यावर १०.७ च्या आसपास होते. अ‍ॅम्प व्होल्टेज तेवढंच देतो, म्हणजे पॉवर कमी जाते, आवाज बसतो. शो रंगात आल्यावर "आवाज कमी झाला का रे" असं कुणीतरी विचारतं आणि हात फेडरकडे (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकपट्टीकडे) जातो, तेव्हा कॉइल आधीच तापलेली असते. त्या क्षणी वर नाही, खाली घ्यायचं.

सब-संच

कॉइलवाल्या दादांचं वाचून बरं वाटलं, हाय-पासबद्दल कुणी बोलतच नाही. माझं काम सगळं सबचं (सबवूफर, फक्त बासचे बॉक्स). मी वॅट मॅच करणं सोडून दिलंय, मी व्होल्ट मॅच करतो. सब ५०० कंटिन्युअस, ८ ओहम. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, ६३ व्होल्ट. माझा अ‍ॅम्प ३२ डीबी गेनचा, म्हणजे ४० पट, तर त्याच्या इनपुटला १.५८ व्होल्ट आले की बाहेर ६३ जातात, आणि १.५८ व्होल्ट म्हणजे साधारण अधिक ६ डीबीयू (सिग्नलचं व्होल्टेज मोजायचं माप). प्रोसेसरमध्ये आरएमएस लिमिटर (सरासरी पातळी ठरल्या जागी अडवणारा) तिथे, अटॅक (तो पकडायला घेतो तो वेळ) चांगला संथ, कारण कॉइल तापायला वेळ लागतो, आणि वर ६ डीबीवर वेगळा पीक लिमिटर, तो फास्ट, कोनच्या धक्क्यासाठी. एवढं केलं की अ‍ॅम्प १००० चा असो नाहीतर १५०० चा, मला झोप येते. पण लिमिटरनंतर कुणी अ‍ॅम्पचा गेन स्विच हलवला, २६ चा ३२ केला, तर सगळा हिशोब दुपटीने चुकतो, म्हणून त्यावर टेप लावतो.

अ‍ॅम्पचा नॉब अर्ध्यावर ठेवला म्हणजे पॉवर अर्धी, असं समजणारे अजूनही भेटतात. नॉब फक्त इनपुट कमी करतो, मिक्सरवरून तेवढं जास्त पाठवलं की अ‍ॅम्प पूर्ण पॉवरला जातोच.

वायरचंही मोजा. एका चॅनलवर चार ८ ओहमचे सब लावले की २ ओहम. ३० मीटर, २.५ स्क्वेअरची (चौरस मिमी) वायर, जाऊन-येऊन ०.४१ ओहम. म्हणजे स्पीकरवर येणारी पॉवर तीसएक टक्क्यांनी कमी, त्यातली काही वायर गरम करण्यात जाते, बाकीची निघतच नाही. तेच दोन सब लावून ४ ओहम केले तर अठराच्या आसपास जातात. माणसं मोठा अ‍ॅम्प आणतात आणि रॅक स्टेजपासून लांब ठेवतात. रॅक सबच्या मागे आणा, जास्तीचे वॅट आपोआप मिळतात.

हौशी मिक्सर

मी उलट्या बाजूचा. आमच्या हॉलमध्ये भाषणं, नाटकं, अधूनमधून गाणी, आणि मिक्सरवर ज्याला वेळ असेल तो. बॉक्स ३०० कंटिन्युअस, अ‍ॅम्प २०० चा आणि तो मुद्दाम. वर लिहिलेलं सगळं मान्य, पण आमच्याकडे रोजचा धोका क्लिपिंगचा नाही, शिट्टीचा आहे. कुणीतरी माइक घेऊन स्पीकरसमोर जातं, फीडबॅक सुरू होतो आणि मिक्सरवरचा गोंधळतो, कुठला फेडर ते सापडेपर्यंत शिट्टी चालूच. ती शिट्टी म्हणजे अखंड साइन, आणि बऱ्याचदा २-३ किलोहर्ट्‌झची, म्हणजे सगळीच्या सगळी वरच्या ड्रायव्हरमध्ये. ६०० चा अ‍ॅम्प मागे असता तर त्याने पूर्ण ताकदीने ती ओतली असती. २०० चाही ड्रायव्हरला जास्तच आहे, पण फेडर सापडेपर्यंत थोडा जास्त वेळ मिळतो.

आणि गमावलं किती? ३०० ऐवजी २०० म्हणजे १.८ डीबी. कुणाच्या लक्षातही येत नाही. पॉवर दुप्पट केली की ३ डीबी, आणि कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. आवाज खरंच कमी पडत असेल तर जास्त सेन्सिटिव्हिटीचा बॉक्स घ्या. ९४ ऐवजी १०० डीबीचा घेतला तर तेवढ्याच वॅटमध्ये चौपट अ‍ॅम्प लावल्यासारखं होतं आणि कॉइलला काहीच त्रास नाही. यावर लोक सगळ्यात कमी बोलतात, सगळे वॅटच्या मागे.

साउंडचेक (धागाकर्ता)

@हौशी मिक्सर, तुमच्या हॉलसाठी तुमचं बरोबर आहे, मी तिथे असतो तर तेच केलं असतं. फक्त क्लिप लाइट पेटून राहिलेली दिसली की मास्टर खाली घ्यायचं, एवढं जो बसेल त्याला सांगून ठेवा, कारण कॉइलवाल्यांनी लिहिलेला ड्रायव्हरचा धोका छोट्या अ‍ॅम्पलाही आहेच.

ओहम-ओहम

वेगवेगळ्या ओहमचे बॉक्स एकत्र लावणाऱ्यांसाठी. एकाच चॅनलवर एक ८ ओहमचा आणि एक ४ ओहमचा बॉक्स लावला तर लोड २.६७ होतो आणि दोन तृतीयांश पॉवर ४ वाल्याकडे जाते, वाटणी सारखी होत नाही. ब्रिजमध्ये (दोन चॅनल जोडून एक केल्यावर) ८ ओहमचा बॉक्स प्रत्येक चॅनलला ४ चा दिसतो, त्यामुळे ४ ओहमचा बॉक्स ब्रिज करायच्या आधी अ‍ॅम्प स्टिरिओत २ ओहम झेपवतो का ते बघा.

लाइन शंभर

१०० व्होल्ट लाइनवाल्यांचं (एका लांब वायरवर ट्रान्सफॉर्मरने बरेच स्पीकर जोडणाऱ्यांचं) गणित यापेक्षा सोपं आहे, ओहम विसरा आणि टॅपची (प्रत्येक स्पीकरवर निवडलेल्या वॅटची) बेरीज करा. २० हॉर्न १० वॅटच्या टॅपवर म्हणजे २००, अ‍ॅम्प २५० चा, थोडी जागा ठेवून. नंतर कुणीतरी "इथे ऐकू येत नाही" म्हणून चार हॉर्न गुपचूप ३० वर टाकतं, बेरीज २८० होते आणि अ‍ॅम्प प्रोटेक्टमध्ये जातो. आणि बास कापा, छोट्या ट्रान्सफॉर्मरचा कोर खालच्या फ्रिक्वेन्सीला सॅच्युरेट होतो, तेव्हा अ‍ॅम्पला तो लोड जवळपास शॉर्टसारखा दिसतो.

रॅकच्या मागे

एक राहिलं, अ‍ॅम्पला वीज किती मिळतेय. साधा ट्रान्सफॉर्मर सप्लायचा अ‍ॅम्प असेल तर मेन्सचं व्होल्टेज १० टक्के पडल्यावर आतला रेलही (आतलं पुरवठ्याचं व्होल्टेज) तेवढाच पडतो आणि पॉवर एकोणीस टक्क्यांनी जाते, क्लिप लाइट आधी पेटायला लागते. कागदावर बरोबर मॅच केलेला सेट मग फाटका वाजतो आणि दोष बॉक्सला मिळतो. आम्ही लाइटचं आणि साउंडचं सर्किट वेगळं मागतो आणि रॅकच्या प्लगवरच व्होल्टमीटर ठेवतो. मुख्य बोर्डवर बघून उपयोग नाही, ड्रॉप मधल्या वायरमध्ये होतो. बघायचं तेही बास वाजत असताना, रिकाम्या रॅकवर आकडा नेहमीच चांगला दिसतो.