वाड्यावरचे आरोग्य-कार्ड शिबिर: आधी काय तपासायचे आणि नेमके कुठे अडते?

केळीचेपान (सत्तरी तालुका, गोवा)

आमच्या वाड्यावर ज्येष्ठांसाठी एक दिवसाचे शिबिर ठरते आहे. जागा देवळाच्या सभागृहाची. माणसे साठ-सत्तर, बहुतेकांची वये ७०च्या पुढची. आभा क्रमांक आणि आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचे आहे, शिवाय दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड चालू आहे की संपले तेही बघायचे आहे. कॉलेजातली सहा मुले दिवसभर बसायला तयार आहेत, लॅपटॉप तीन आहेत.

विचारायचे ते असे. कुठले काम आधी घ्यावे आणि एका माणसाला किती वेळ धरावा? नोंदणी कशाकशामुळे अडते? आभा काढल्यावर गोमेकॉतली (बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळातली) जुनी फाईल फोनवर दिसेल, असे सगळे धरून चालले आहेत, ते खरे का? आणि काही आजी-आजोबा म्हणतात की एकदा नंबर दिला की आपला आजार सगळ्यांना कळणार. त्यांना खरे उत्तर काय द्यावे?

---

नोंदणीखिडकी

पहिल्यांदा तिन्ही कार्डांतला घोळ निस्तरा, नाहीतर दारातच अर्धा दिवस जाईल.

आभा म्हणजे विमा नव्हे. तो १४ अंकी ओळख क्रमांक आहे. त्यावर उपचाराचे पैसे कुणी भरत नाही, फक्त वेगवेगळ्या इस्पितळांतले कागद एकाच माणसाच्या नावावर जोडता येतात. वय वंदना हे प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून ७० पूर्ण झालेल्या माणसाला ते उत्पन्न न बघता मिळते आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचा, दाखल होऊन घेतलेला उपचार त्यात बसतो. महिन्याच्या साखरेच्या आणि प्रेशरच्या गोळ्या बसत नाहीत. हे दारातच मोठ्याने सांगा, कारण लोक तीच आशा धरून येतात. घरात नवरा-बायको दोघेही ७०च्या वरचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. दीनदयाळ ही आपल्या राज्याची २०१६ची योजना. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असल्यास चार लाख, आणि गोव्यात किमान पाच वर्षांचे वास्तव्य लागते. तिचे नूतनीकरण राहून जाते आणि माणूस खाटेवर पडल्यावर ते कळते. म्हणून शिबिरात या कार्डावरची मुदतीची तारीख वाचून वहीत उतरवा, एवढेच काम ठेवा. नवीन अर्जाच्या मागे त्या दिवशी लागू नका.

आता क्रम. शिबिराचे खरे काम पंधरा दिवस आधी घरोघरी फिरून होते. प्रत्येकाच्या आधारावर तीन गोष्टी बघायच्या: नाव, जन्मतारीख आणि जोडलेला मोबाईल. तिसरी सगळ्यात जास्त अडवते. वाड्यावरच्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या आधारला जोडलेला नंबर वास्कोत नाहीतर बोटीवर असलेल्या मुलाचा असतो, नाहीतर कधीच बंद पडलेल्या सिमचा. ओटीपी त्याच नंबरवर जातो आणि दहा मिनिटांत बाद होतो. मुलाला आधी कळवून ठेवा, त्याने त्या वेळी फोनवर हजर राहायला हवे. चतुर्थीच्या दिवसांत मुले घरी असतात, तेव्हा हे काम सोपे जाते. फक्त पावसाने रेंज आणि वीज जाते, त्याची तयारी ठेवा. बंद पडलेला नंबर असेल तर त्या माणसाला शिबिराआधी आधार केंद्रात न्या.

वय वंदनासाठी वय फक्त आधारावरून मोजतात. जन्मदाखल्याप्रमाणे ७१ आणि आधारावर ६८ असेल तर सिस्टीम ६८च धरते. आधी आधार दुरुस्त करावे लागते, आणि जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, तेव्हा मूळ दाखला हातात घेऊनच जा.

दारात आणखी एक प्रश्न विचारायचा: केंद्र सरकारची किंवा माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे का? असेल तर ती किंवा वय वंदना, एकच निवडावी लागते. घाईत ‘होय’ दाबून टाकू नका. घरच्यांना विचारून दुसऱ्या दिवशी करू द्या. खाजगी विमा असला तर काही अडचण नाही.

वेळ म्हणाल तर ओटीपी नीट आला तर दोन्ही कार्डे मिळून माणशी पंधरा मिनिटे. एका टेबलावर तासाला चार, तीन टेबले, पाच तास, म्हणजे साठ. सत्तर जणांना बोलावलेत तर शेवटचे दहा उपाशी बसतील. वेळ वाटून चिठ्ठ्या द्या. वय वंदना आधी, आभा नंतर, कारण माणूस कंटाळून उठलाच तर निदान विम्याचे काम झालेले असते.

---

खाजनबांध

वरच्या उत्तरात बोटांच्या ठशांचे, म्हणजे ओटीपीऐवजी ठशांनी होणाऱ्या पडताळणीचे, राहिले. शेतात, काजूच्या बागेत जन्म घालवलेल्यांचे ठसे झिजलेले असतात आणि मशीन लाल दिवा दाखवत राहते. पहिल्या नकारालाच दुसरी बोटे लावायला घेऊ नका. साबणाने हात धुवून पूर्ण पुसायचे, अगदी कोरडे पडलेले असतील तर किंचित ओलसर कापड लावायचे, मशीनची काच प्रत्येकानंतर पुसायची. तरी नाही झाले तर चेहऱ्याने पडताळणी करा. त्यासाठी अँड्रॉइड फोनवर आधारचे फेस आरडी अ‍ॅप आदल्या दिवशीच घालून ठेवा. सभागृहात पाठीमागच्या खिडकीतून उजेड आला की चेहरा काळा दिसतो आणि पडताळणी फसते. खुर्ची भिंतीकडे पाठ करून, तोंड उजेडाकडे. डोळ्यांची उघडझाप विचारतात. ज्यांचे नुकतेच मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे त्यांना घाई करू नका. सगळे करूनही नकारच येत असेल तर कुणीतरी त्यांच्या आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवलेले असू शकते, ते आधी उघडावे लागते.

मशीन भाड्याने आणणार असाल तर एल-वन प्रकारचेच घ्या, जुनी आता चालत नाहीत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेले दोन फोन हॉटस्पॉटसाठी ठेवा. रेंज खिडकीपाशी येते की पायऱ्यांवर, हे आदल्या दिवशी फिरून बघा आणि टेबले तिथेच लावा.

---

फाईलखोली

जुन्या फाईलबद्दल लिहितो, कारण निराशा तिथेच होते.

आभा ही कागद साठवायची पेटी नव्हे. कागद ज्या इस्पितळाने तयार केला त्याच्याच संगणकात राहतो. आभामुळे फक्त तो शोधून तुमच्या परवानगीने दाखवता येतो. म्हणजे जे कागद कधी संगणकात गेलेच नाहीत, हाताने लिहिलेली केसपेपरांची गड्डी, ती आभा काढल्याने फोनवर उगवणार नाही. पुढच्या भेटीला नोंदणीच्या खिडकीवर आभा सांगितला, किंवा काउंटरवरचा क्यूआर स्कॅन करून नाव-पत्ता पाठवला, तर त्या भेटीपासूनच्या नोंदी जोडल्या जाऊ शकतात. तेही ते इस्पितळ आणि त्याचे सॉफ्टवेअर या जाळ्यात असेल तर.

जुळणी कशी होते ते समजून घ्या, म्हणजे अडचण कुठे येईल ते आधीच दिसेल. अ‍ॅपमधून इस्पितळ निवडले की तिकडे मोबाईल नंबर, नाव, लिंग आणि जन्मवर्ष जाते. तिथल्या नोंदीशी ते जुळले तर इस्पितळ ओटीपी पाठवते आणि मग नोंद जोडली जाते. आपल्या गोव्यात नेमके नावच जुळत नाही. नाईक कुठे साध्या ‘के’ने संपतो, कुठे पोर्तुगीज वळणाने ‘क्यू-यू-ई’ने. कामत ‘के’ने आणि ‘सी’ने. देसाईत एक ‘एस’ की दोन. गावकरात मध्ये ‘एन’ आहे की नाही. बायकांचे तर आधारावर सासरचे नाव आणि जुन्या केसपेपरावर माहेरचे. संगणकाला ही दोन माणसे वाटतात. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवर आधार दाखवून तिथले नाव आणि मोबाईल आधारप्रमाणे करून घ्यायचा, आणि जुना नोंदणी क्रमांक तोच ठेवायला सांगायचे. नवा क्रमांक दिला की मागची फाईल वेगळी पडते आणि पुढच्या डॉक्टरला मागचे काहीच दिसत नाही.

म्हणून कागदाची फाईल टाकू नका. शिबिरात नोंदणीच्या तीन टेबलांखेरीज आणखी एक टेबल यासाठी ठेवा, मी तर म्हणेन याच टेबलाचा सगळ्यात जास्त उपयोग होईल. प्रत्येकाने पिशवी भरून कागद आणायला सांगा. त्यातून वेगळे काढायचे ते हे: दाखल होऊन घरी पाठवताना दिलेला डिस्चार्ज कागद, शेवटचा ईसीजी आणि इको, बायोप्सी झाली असेल तर तिचा अहवाल, आणि सध्याच्या गोळ्यांची यादी. यादी डबीवरच्या नावांवरून नको, पट्टीवरचे औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचून लिहा. एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा चालू असते, ती या यादीतच सापडते. तशी सापडली तर आपण बंद करायची नाही, आरोग्य केंद्रात डॉक्टरला दाखवायला लावायची. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर ती लाल अक्षरात सगळ्यात वर.

ईसीजीची पट्टी चकचकीत कागदावर असेल तर तो उष्णतेने छापणारा कागद असतो. आपल्या दमट हवेत, त्यातून प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावरच्या रेघा फिक्या होत जातात. छातीत दुखून आलेल्या माणसाचा जुना ईसीजी समोर असला तर आजचा बदल नवा की जुना हे डॉक्टरला लगेच ठरवता येते, आणि काढावा तर कागद कोरा. या पट्ट्यांची त्याच दिवशी साधी झेरॉक्स काढा आणि फोटो घेऊन ठेवा. फोटो वरून सरळ, फ्लॅश न लावता, चारही कोपरे दिसतील असा. फाईलच्या नावात तारीख आधी, मग कागदाचा प्रकार. हे फोटो आभाच्या अ‍ॅपमध्ये स्वतःही चढवता येतात.

---

दवबिंदू

“आपला आजार सगळ्यांना कळणार” या भीतीला हसू नका. ती रास्त आहे, आणि तिला नेमके उत्तर आहे.

आभा ऐच्छिक आहे. नसला म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. क्रमांक सांगितल्याने कुणाला कागद दिसत नाहीत. कागद बघायचे तर अ‍ॅपवर संमतीची विनंती येते आणि त्यात कोण मागतो, कशासाठी, कुठल्या प्रकारचे कागद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे आणि परवानगी कधी संपणार हे लिहिलेले असते. मंजूर करण्याआधी ते कमी करता येते. डोळ्यांच्या डॉक्टरला मागच्या दहा वर्षांचे सगळे कशाला? सहा महिन्यांचे द्या, संमती आठवड्याची ठेवा. नंतर रद्दही करता येते, मात्र तोवर जे बघितले गेले ते परत घेता येत नाही, हेही सांगा.

मला काळजी वाटते ती शिबिराची. माहिती बहुधा तिथूनच बाहेर जाते. मुले आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवतात, ते सहा फोनांत राहतात. वहीत पूर्ण आधार क्रमांक लिहितात आणि ती वही सभागृहातच राहते. आजीकडे फोन नाही म्हणून स्वयंसेवक स्वतःचा नंबर टाकतो, आणि पुढे तिच्या संमतीच्या सगळ्या विनंत्या त्याच्याकडे येत राहतात. हे तिसरे कधीच होऊ देऊ नका. घरातल्याच माणसाचा नंबर, तोही आजीला विचारून. तिने ज्याच्यावर विश्वास टाकला तोच माणूस हवा, पुष्कळदा ती सून असते. वहीत नाव, कार्ड झाले की नाही आणि राहिलेले काम, एवढेच. स्वयंसेवकाच्या फोनवर अ‍ॅप उघडले असेल तर त्या माणसाच्या समोर लॉगआउट करायचे. आभाचा पत्ता (म्हणजे घराचा नव्हे, अ‍ॅपवर ओळखीसाठी निवडायचे नाव) निवडताना त्यात जन्मवर्ष घालू नका.

---

केळीचेपान

देव बरें करूं. फाईलचे टेबल पक्के केले. एकच विचारायचे राहिले. वय वंदना कार्ड हातात आले की खाजगी इस्पितळात थेट जाऊन दाखल होता येते का? लोक तसेच समजतात.

---

नोंदणीखिडकी

यादीवरच्या इस्पितळातच, आणि तिथेही तो विभाग यादीत हवा. इस्पितळ यादीत असते पण हाडांचा विभाग नसतो, असे होते. जाण्याआधी इस्पितळातल्या आयुष्मान मित्राला (या योजनेच्या मदतनीसाला) विचारा किंवा १४५५५ वर फोन करा. ठरवून करायच्या ऑपरेशनला आधी मंजुरी लागते. मंजुरी येण्याआधी आगाऊ रक्कम भरायला सांगितली तर लगेच भरू नका, त्याच नंबरवर विचारा. कार्डासोबत मूळ आधार न्या.

---

खाजनबांध

छातीत दुखण्याच्या वेळी मात्र यातले काहीच शोधत बसायचे नाही. कार्ड, फाईल, यादी, सगळे मागाहून. १०८ लावायचा. वाळपईहून बांबोळी म्हणजे तासाभराची वाट, आणि हृदयाच्या शिरेतली गुठळी तेवढा वेळ थांबत नाही. गोव्यात आरोग्य केंद्रावर ईसीजी काढून तो गोमेकॉतल्या हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवायची, गरज असल्यास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथेच देऊन मग पुढे न्यायची व्यवस्था आहे. स्वतःच्या गाडीने केंद्र ओलांडून थेट बांबोळी गाठू गेलात तर ती हातची जाते. तंत्रज्ञानाचा इतका थेट उपयोग मला दुसरीकडे दिसत नाही, म्हणून तुमच्या फाईलच्या पहिल्याच पानावर दोन ओळी छापून लावा: १०८, आणि जवळच्या चोवीस तास उघड्या आरोग्य केंद्राचे नाव. मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असे.