किटआधी सिरीज बल्ब

दीड हजारात घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुरुस्ती सुरू करायला काय घ्यावं, या प्रश्नावर वर बहुतेकांनी तयार सोल्डरिंग किट सुचवलंय. मी मात्र सुटं सामान घ्या म्हणेन. किटमधल्या निम्म्या वस्तू डब्यातच राहतात, आणि त्यातली जोड द्यायची बारीक तार (सोल्डर, बोलीत शिसं) बऱ्याचदा इतकी वाईट असते की नवशिक्याला वाटतं, आपलाच हात बसत नाही.

२५ वॉटचं साधं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० ची (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) चांगली तार, फ्लक्स (जोड नीट धरावा म्हणून लावायची पेस्ट) आणि डिसोल्डर विक (जुनं सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळीदार पट्टी) एवढं पुरतं. या सामानाचे बाजार म्हणजे मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. हातात घेऊन बघता येतं. मल्टिमीटर स्वस्तातला चालेल, पण कंटिन्युइटीचा बझर (तार अखंड असेल तर वाजणारा) आहे ना ते विचारा, काहींत तो नसतो.

आणि सिरीज बल्ब बनवाच. जुना फिलामेंटचा ६० वॉटचा बल्ब (एलईडी अजिबात नको) फेजच्या वायरीत सिरीजमध्ये जोडायचा आणि दुरुस्तीची वस्तू त्यातून चालू करायची. बल्ब भगभगून पेटलेला राहिला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर चमकून मंद झाला तर सहसा शॉर्ट नाही. मी सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर असाच तपासला, फ्यूज न उडवता.

एक कळकळीची विनंती: प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणारा भाग) ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो. हात लावण्याआधी मीटरने मोजा.